वारंवार होणारी काखमांजरी : चीर देण्यापासून जखम उघडी ठेवण्यापर्यंतचा प्रवास

काखेत गळू आलं की आपल्याकडे त्याला काखमांजरी म्हणतात. एखाद्या वेळी झाली, फुटली, बरी झाली, तर काळजीचं कारण नाही. पण काखेत, जांघेत, स्तनांखाली किंवा पार्श्वभागावर त्याच त्याच जागी गळवं येत असतील, आतल्या आत बोगदे तयार होऊन पू वाहत असेल, तर तो वेगळा आजार असू शकतो. त्याचं नाव हायड्राडेनायटिस सप्युराटिव्हा. नाव अवघड आहे आणि गंमत म्हणजे ते चुकीचंही आहे. ते कसं पडलं हे समजलं, तर उपचारही समजायला सोपे जातात.

१८३९ मध्ये फ्रेंच सर्जन वेल्पो यांनी काखेतल्या आणि गुदद्वाराजवळच्या अशा गळवांचं वर्णन केलं. पुढे १८५४ मध्ये पॅरिसचेच सर्जन व्हर्नॉय यांनी हा दोष घामाच्या ग्रंथींचा असल्याचं मांडलं. ग्रीक भाषेत 'हिद्रोस' म्हणजे घाम आणि 'अडेन' म्हणजे ग्रंथी. त्यावरून हे नाव आलं आणि चिकटलं.

विसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकाखाली वेगळंच चित्र दिसू लागलं. सुरुवात घामाच्या ग्रंथीत नव्हे, तर केसाच्या मुळाशी होते. तिथलं तोंड बुजतं, आतली पिशवी फुगून फुटते आणि भोवती दाह सुरू होतो. घामाच्या ग्रंथी नंतर त्यात सापडतात. म्हणून हा आजार अस्वच्छतेमुळे होत नाही आणि तो संसर्गजन्यही नाही. 'नीट आंघोळ करत नाही' असं ऐकून अनेक रुग्ण वर्षानुवर्षं दुखणं लपवतात. त्यांनी हे वाक्य जरूर लक्षात ठेवावं.

आता शस्त्रक्रियेकडे येऊ. सर्वांत जुना उपाय म्हणजे चीर देऊन पू काढणं. ठणका लगेच थांबतो, पण बोगदा आत तसाच राहतो, त्यामुळे गळू बहुधा परत येतं. चार-पाच वेळा चीर देऊनही गुण आला नसेल, तर त्यात तुमचा दोष नाही. तो उपाय मुळातच तात्पुरता आहे.

१९५९ मध्ये 'डीरूफिंग' या पद्धतीचं वर्णन झालं. यात बोगद्याचं फक्त छत कापून काढतात आणि तळ तसाच ठेवतात. तळाला त्वचेसारखं अस्तर असतं, तिथून नवी कातडी पसरते. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये अशा ८८ जागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या सुमारे ८३ टक्के जागी आजार परतला नव्हता.

आजार फार पसरला असेल, तर तो सगळा भाग काढावा लागतो. मग एवढी मोठी जखम झाकायची कशी? पूर्वी मांडीची पातळ कातडी काढून तिथे लावण्याकडे कल असे. १९८३ मध्ये ब्रिटनमधल्या सर्जननी दोन्ही काखांत आजार असलेल्या १० रुग्णांवर एक सोपी तुलना केली. एका काखेत कातडी लावली आणि दुसरी काख फोमचं ड्रेसिंग ठेवून आपोआप भरू दिली. उघड्या जखमेला भरायला जास्त वेळ लागला, तरी बहुतेक रुग्णांनी तीच पसंत केली. कारण कातडी लावल्यावर हात बांधून ठेवावा लागे आणि जिथून कातडी काढली ती जागाही दुखे.

म्हणूनच आजही सर्जन कधी कधी टाके न घालता जखम उघडी ठेवतात. हा निष्काळजीपणा नव्हे. तळापासून लाल, दाणेदार मांस वर येतं, कडा आत ओढल्या जातात आणि वरून कातडी धरते. मोठ्या जखमेला यासाठी दोन-तीन महिनेही लागू शकतात. या काळात ड्रेसिंग चुकवू नका आणि सांगितलेले खांद्याचे व्यायाम करा, नाहीतर व्रण आखडून हात वर जात नाही. धूम्रपान करत असाल तर ते सोडा. त्यामुळे जखम उशिरा भरते आणि या आजाराशीही त्याचा संबंध आहे.

२०१५ पासून अडालिमुमॅबसारखी दाह कमी करणारी इंजेक्शनंही या आजारासाठी मान्य झाली आहेत. पण तयार झालेला बोगदा औषधाने सहसा नाहीसा होत नाही, म्हणून पुष्कळदा औषध आणि शस्त्रक्रिया दोन्ही लागतात. त्याच जागी तिसऱ्यांदा गळू आलं असेल, तर नुसती चीर देऊन घेऊ नका. एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.