व्रण, शय्या आणि तोतया : स्वगृहागमनाच्या कथेतील ओळखीचा प्रश्न

ट्रॉयच्या युद्धाहून परतणाऱ्या वीरांच्या प्रवासाला ग्रीक परंपरेत ‘नोस्तोस’ अशी संज्ञा आहे. होमरच्या नावावर असलेल्या ‘ओडिसी’ या महाकाव्याचा हाच विषय. परंतु ओदिसियस आपल्या इथाका बेटावर पाऊल ठेवतो तो चोविसांपैकी तेराव्या सर्गातच. उरलेले काव्य सूडाचे आहे, आणि त्याहून अधिक प्रत्यभिज्ञेचे, म्हणजे ओळख पटण्याचे आहे. वीस वर्षांनी आलेला हा मनुष्य तोच, हे कोणी व कशावरून ठरवावयाचे?

या प्रश्नामागे एक भीती दडलेली आहे, तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष जावे तितके जात नाही. चौदाव्या सर्गात वराहपाल युमेयस सांगतो की, पोटासाठी भटकणारे लोक राणीकडे येऊन धन्याच्या खोट्या वार्ता सांगतात. एतोलियातील एका मनुष्याने त्यालाही असेच फसविले होते. तेविसाव्या सर्गात पेनेलोपी स्वतः कबूल करते की, कोणीतरी येऊन गोड शब्दांनी आपली वंचना करील, ही धास्ती तिला सतत वाटत होती. सारांश, तोतयाची शक्यता काव्याने प्रारंभापासून गृहीत धरली आहे.

मराठ्यांच्या इतिहासात ही शक्यता प्रत्यक्षात उतरली. दि. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने पुढे फारसीत लिहिलेल्या वृत्तान्तानुसार, रणांगणात सापडलेले एक शिरहीन प्रेत भाऊसाहेबांचे म्हणून ओळखण्यात आले ते अंगावरील खुणांवरून. त्यांत मुजफ्फरखानाच्या कट्यारीने पाठीवर झालेल्या जखमेचा व्रण होता. ओदिसियसचे पाय धुताना वृद्ध दाई युरिक्लिया त्याला ओळखते, तीही रानडुकराच्या सुळ्याने झालेल्या जुन्या व्रणावरून. एका ठिकाणी व्रणाने जिवंत मनुष्य ओळखला, दुसऱ्या ठिकाणी प्रेत. परंतु पानिपताचा व्रण पाहणारे डोळे तेथल्या छावणीतले होते. पुण्यापर्यंत आली ती केवळ वार्ता. त्या युद्धयात्रेत पतीसमवेत गेलेल्या आणि त्यांच्यावाचून परतलेल्या पार्वतीबाईंनी ती वार्ता मानली नाही.

याच पोकळीत सुखलाल नावाच्या कनोजा ब्राह्मणाने प्रवेश केला. तो स्वतःस भाऊसाहेब म्हणवू लागला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत तो पकडला गेला, चौकशीत त्याचे सोंग उघडे पडले आणि त्याला कैदेत ठेवण्यात आले. वस्तुतः प्रकरण येथेच संपावयाचे. परंतु १७७६ साली रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्यास मुक्त केले आणि पाहता पाहता कोकणात हजारो लोक त्याच्या निशाणाखाली जमले. तो घाटापर्यंत येऊन भिडला. शेवटी महादजी शिंदे व भिवराव पानसे यांच्या फौजांनी त्याचा मोड केला. पळून जात असता तो रघूजी आंग्र्यांच्या हाती सापडला आणि त्या वर्षाच्या अखेरीस पुण्यात त्यास देहान्त शासन झाले.

एकदा उघडे पडलेले सोंग अकरा वर्षांनी पुन्हा खरे कसे वाटले? लोक भोळे होते, हे उत्तर प्रस्तुत लेखकास अपुरे वाटते. गादीवर अल्पवयी सवाई माधवराव, कारभार नाना फडणीस व सखारामबापू यांच्या हाती, आणि राघोबादादांचा पक्ष अद्याप जिवंत. कारभाऱ्यांवर रुष्ट असलेल्या पुष्कळांना भाऊसाहेब परत यावयास हवे होते, म्हणून ते ‘ओळखले’ गेले. इथाकेत याच्या उलट घडते : एकशे आठ वरांना धनी परतावयास नको आहे, म्हणून भिकाऱ्याच्या वेषातला राजा त्यांच्या डोळ्यांसमोर असूनही त्यांना दिसत नाही. ओळख ही स्मृतीइतकीच हेतूची बाब आहे.

ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त शरीरावरील खुणांनी होणारी ओळख कनिष्ठ मानली, ते कलेच्या दृष्टीने. पेनेलोपीचे कारण निराळे. दाईने व्रणाची साक्ष दिली तरी ती वितळत नाही. आम्हां दोघांनाच ठाऊक असलेल्या खुणा आहेत, असे ती म्हणते. जिवंत ऑलिव्ह वृक्षाच्या बुंध्यातून घडविलेली, हलविता न येणारी शय्या बाहेर काढण्याची आज्ञा ती सहज देते आणि ओदिसियसचा संताप हाच पुरावा ठरतो. व्रण कोणीही पाहू शकतो. शय्येचे रहस्य दोघांचेच. इथाकेत निर्णयाचा अधिकार अखेर पत्नीकडे राहिला. पुण्यात तो दरबाराकडे होता, आणि राज्याच्या सुरक्षिततेसाठी तो तसा असणे भागच होते.

सूडाच्या बाबतीतही हा भेद टिकतो. ओदिसियस वरांना ठार करतो, बारा दासींना फाशी दिली जाते, आणि मृतांच्या आप्तांनी आरंभिलेले वैर अथीना देवीला थांबवावे लागते. पुण्यात दंड झाला तो घराचा अपमान करणाऱ्यांस नव्हे, तर परतल्याचा बहाणा करणाऱ्यास. दरबाराचा प्रश्न त्याने मिटला. पार्वतीबाईंचा मिटला नाही : त्यांनी हयातभर वैधव्य पत्करले नाही, आणि भाऊसाहेबांचे उत्तरकार्य झाले ते पार्वतीबाईंच्या निधनानंतर, त्यांच्याबरोबरच.