गाडीतला 'सेल्फ'

मुंबईहून अहमदाबादकडे निघालेला महामार्ग दहिसरचा चेकनाका ओलांडून थोडा पुढे गेला, की काशिमिरा लागते. इथून डावीकडे मीरा रोड आणि भाईंदरचा रस्ता फुटतो. या परिसरात गाड्यांची विजेची कामे करणारी लहान लहान दुकाने आहेत. त्यांतल्या एका दुकानाच्या पत्र्यावर तीन शब्द रंगवलेले आम्ही वाचले : 'सेल्फ, डायनामो, वायरिंग'. यातला डायनामो मोटारींतून केव्हाच गेला, त्याची जागा अल्टरनेटरने घेतली. पाटीवर मात्र तो अजून टिकून आहे. पण आम्हाला अडवले ते पहिल्या शब्दाने. 'सेल्फ' म्हणजे 'स्वतः'. गाडीच्या एका भागाचे नाव 'स्वतः' असे कसे पडले असेल? हा प्रश्न नववीच्या वर्गात विचारून पाहा. उत्तरे मजेदार येतात.

आम्ही त्या दुकानात गेलो होतो ते एका शिक्षकमित्राच्या गाडीसाठी. भाईंदर पूर्वेला राहणारे हे गृहस्थ विज्ञान शिकवतात आणि घरातली बरीचशी दुरुस्ती स्वतःच करतात. त्यांची लहान गाडी दहा वर्षांची. किल्ली फिरवण्याऐवजी बटण दाबून इंजिन सुरू व्हावे, अशी मुलाची हौस. म्हणून त्यांनी कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवरून बटणाचा संच आणला आणि रविवारी सकाळी स्वतःच बसवला. बॅटरीकडून एक तार बटणाला, बटणापासून दुसरी तार स्टार्टरला; दोन तासांत काम झाले. मग किल्ली 'ऑन'वर ठेवून ते बाहेर उभे राहिले आणि खिडकीतून हात घालून त्यांनी बटण दाबले. गाडी पहिल्या गेअरमध्ये उभी होती. तिने उडी मारली आणि सोसायटीच्या भिंतीला धडक दिली. एक कुंडी आणि पुढचा बंपर यांवर निभावले. समोर कोणी मूल खेळत नव्हते, हे नशीब.

हकिकत ऐकून मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला, "सर, क्लचचा स्विच ठेवलात ना मध्ये?" तो ठेवलेला नव्हता. असा स्विच असतो, हेच मास्तरांना ठाऊक नव्हते. त्या स्विचकडे आपण परत येऊ. पण त्याआधी 'सेल्फ' या शब्दामागे जायला हवे.

पेट्रोलचे इंजिन आपणहून सुरू होऊ शकत नाही. सिलिंडरमध्ये हवा आणि इंधन ओढले जाणे, ते दाबले जाणे आणि मग ठिणगी पडणे, या साऱ्यासाठी इंजिन आधी कोणीतरी फिरवावे लागते. वाफेच्या किंवा विजेच्या यंत्राला ही अडचण नाही. मोटारीच्या पहिल्या काळात हे 'कोणीतरी' म्हणजे माणूस होता. गाडीच्या नाकाखालच्या भोकातून लोखंडी हँडल घालायचे, ते इंजिनच्या दांड्याला अडकवायचे आणि झटका देऊन फिरवायचे. त्या काळी ठिणगीची वेळ चालकाला हाताने ठरवावी लागे. ती चुकून लवकर ठेवली गेली, तर पिस्टन वर पोहोचण्याआधीच स्फोट होई, इंजिन उलटे फिरे आणि हँडल माणसाच्या हातावर उसळून येई. म्हणून जाणकार सांगत : हँडल खालून वर ओढा, खाली दाबू नका, आणि अंगठा मुठीभोवती गुंडाळू नका, बोटांच्याच बाजूला ठेवा. मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट मोडण्याला अस्थितज्ज्ञ अजूनही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात, म्हणजे मोटारचालकाचे हाड मोडणे. हँडल गेले, त्याने मोडलेल्या हाताचे नाव वैद्यकाच्या पुस्तकात राहिले.

अमेरिकेत १९०० च्या सुमारास विजेवर चालणाऱ्या मोटारींना चांगली मागणी होती. त्याची अनेक कारणे होती, पण हँडल मारावे न लागणे हे त्यांतले एक मोठे कारण. शहरातल्या डॉक्टरांना आणि स्त्रियांना विजेची गाडी सोयीची वाटे. पेट्रोलगाडीला हे जमावे म्हणून दाबलेली हवा, स्प्रिंग, ॲसिटिलीन वायू असे नाना उपाय झाले. विजेच्या मोटरने इंजिन फिरवायची कल्पनाही नवी नव्हती. क्लाइड कोलमन यांना १९०३ मध्ये तिचे पेटंट मिळाले होते. पण हिशेब जुळत नसे. इंजिन फिरवण्याइतकी ताकदवान मोटर घ्यावी, तर ती आणि तिची बॅटरी गाडीवरच बोजा होऊन बसेल, असे जाणत्यांचे मत होते.

हा हिशेब चार्ल्स केटरिंग यांनी मोडला, आणि तो कसा मोडला हे वर्गात सांगण्यासारखे आहे. केटरिंग आधी ओहायोतल्या डेटन गावी दुकानांतले गल्लायंत्र बनवणाऱ्या कंपनीत होते. गल्लायंत्राचे हँडल हाताने फिरवावे लागे. त्यांनी त्याला एक छोटी विजेची मोटर बसवली. ही मोटर दिवसभर चालायची नव्हती. प्रत्येक विक्रीला क्षणभर जोर लावायचा आणि थांबायचे. सतत चालणाऱ्या मोटरीला जो भार जाळून टाकील, तो भार ती क्षणभर सहज पेलते, कारण तारा तापायला वेळ लागतो. केटरिंग यांनी हीच गोष्ट मोटारगाडीला लावली. इंजिन फिरवायचे ते काही सेकंद. मग तेवढे सेकंद मोटरीवर तिच्या ऐपतीपेक्षा जास्त ओझे टाकायला काय हरकत आहे?

कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलंड यांनी हे काम अंगावर का घेतले, याची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. त्यांचे मित्र बायरन कार्टर एका बाईंची बंद पडलेली गाडी सुरू करून द्यायला थांबले, हँडल उसळून त्यांच्या जबड्याला लागले आणि त्यातच पुढे ते वारले. त्या धक्क्याने लेलंड यांनी हँडल घालवायचे ठरवले. गोष्ट मनाला भिडणारी आहे. पण कार्टर वारले १९०८ मध्ये, आणि स्टार्टरवाली कॅडिलॅक बाजारात आली ती १९१२ सालची. मधली वर्षे पाहता इतिहासकारांना ही गोष्ट जशीच्या तशी मान्य नाही. ती मुलांना सांगावी, पण या साला-तारखांसकट सांगावी, असे आम्हाला वाटते. शोधांच्या गोष्टींना नंतर किती रंग चढतो, हे त्यांनाही कळेल.

केटरिंग यांची रचना मोठी चतुर होती. एकच यंत्र सुरुवातीला २४ व्होल्टवर मोटर म्हणून इंजिन फिरवी आणि इंजिन चालू झाले की जनित्र होऊन ६ व्होल्टवर बॅटरी भरी. दिवे आणि ठिणगी यांनाही वीज तिथूनच. या सोयीचे नाव 'सेल्फ-स्टार्टर' : दुसऱ्या माणसाच्या हाताविना, आपली आपण सुरू होणारी गाडी. फोर्डच्या स्वस्त मॉडेल टी गाडीला हा स्टार्टर १९१९ पासून मिळू लागला. आपल्याकडे नावातला 'स्टार्टर' गळून पडला आणि उरला 'सेल्फ'. 'सेल्फ मार', 'सेल्फ घेत नाही', 'सेल्फ उचलत नाही', ही आपल्या गॅरेजांतली नित्याची भाषा आहे.

यात एक गंमत दडलेली आहे. पेट्रोलगाडीने हँडलची कटकट घालवली ती विजेची मोटर आणि बॅटरी पोटात घेऊन. त्यामुळे विजेच्या गाडीचे मोठे आकर्षण संपले आणि ती मागे पडली. विजेच्या मोटरीनेच विजेच्या मोटारीला रस्त्यावरून हटवायला हातभार लावला.

आता बटणाकडे. बटण ही आजची नवलाई आहे, असा मास्तरांच्या मुलाचा समज होता. खरे तर किल्लीने सुरू होणाऱ्या गाड्यांपेक्षा बटणाच्या गाड्या जुन्या. किल्लीचे काम पूर्वी फक्त ठिणगीची वीज चालू-बंद करणे एवढेच असे. स्टार्टरसाठी वेगळे बटण, ओढायची मूठ किंवा पायाने दाबायची खुंटी असे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला पायाची खुंटी होती, आणि याच जीपची जुळणी युद्धानंतर मुंबईत महिंद्रांनी सुरू केली. किल्लीतच दोन्ही कामे एकत्र करून, ती पुढे फिरवली की इंजिन फिरेल अशी सोय क्रायस्लर कंपनीने १९४९ च्या गाड्यांत दिली आणि पुढे तीच जगभर रूढ झाली. बटण पुन्हा आले ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस, बिनकिल्लीच्या महागड्या जर्मन गाड्यांतून.

आपल्याकडे या साऱ्या पिढ्या एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी धावल्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडल्या. त्यांच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांपैकी शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. अँबॅसिडरला तर सेल्फ असूनही हँडलचे भोक ठेवलेले असे, कारण पावसाळ्यात बॅटरीचा भरवसा कोणी धरावा? आणि रिक्षावाला वाकून लांब लिव्हर ओढतो आणि रिक्षा धडधडू लागते, हे दृश्य तर आपल्या पिढीने रोज पाहिलेले आहे. त्या रिक्षेचा 'सेल्फ' म्हणजे रिक्षावाल्याचा दंड.

बोटाने दाबायच्या बटणातून इंजिन फिरवण्याइतकी वीज जाते कशी? येथे थोडे आकडे मांडू. घरातली १००० वॉटची इस्त्री २३० व्होल्टवर साधारण सव्वाचार अँपिअर प्रवाह घेते. लहान गाडीचा स्टार्टर सुरुवातीला साधारण तेवढीच शक्ती घेतो, पण १० व्होल्टच्या आसपास. म्हणजे प्रवाह झाला १०० अँपिअर. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतची तार करंगळीएवढी जाड असते ती यासाठी. बारा व्होल्टची बॅटरी मग दहावर का उतरते? प्रत्येक बॅटरीला स्वतःचा थोडा रोध असतो. तो ०.०२ ओहम धरला, तरी १०० अँपिअरला दोन व्होल्ट तिथेच खर्च होतात. संध्याकाळी गाडीचे दिवे लावून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. दिवे क्षणभर मंदावतात. ओहमचा नियम भिंतीवर दिसतो.

एवढा प्रवाह बटणातून नेला, तर बटण वितळेल. जीपच्या पायाखालच्या खुंटीत तांब्याचे जाड तुकडेच एकमेकांवर दाबले जात, म्हणून तिथे दुसऱ्या कशाची गरज नव्हती. बटणाला मात्र मध्यस्थ लागतात. पहिला मध्यस्थ स्टार्टरच्या पाठीवर बसलेला सोलेनॉइड : तारेच्या गुंडाळीत सरकणारा लोखंडी दांडा. तो एका टोकाने लहान दातेरी चाक पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या दातांत अडकवतो आणि दुसऱ्या टोकाने जाड संपर्क मिटवतो. पण सोलेनॉइडलाही पहिल्या क्षणी कित्येक अँपिअर लागतात. म्हणून त्याच्याआधी एक रिले : अँपिअरच्या लहानशा अंशावर चालणारा विद्युतचुंबक, जो तीस अँपिअरचा संपर्क जोडू शकतो. ही युक्ती मोटारीहून कितीतरी जुनी आहे. जोसेफ हेन्री यांनी ती १८३० च्या दशकात दाखवली आणि तारायंत्राच्या लांब तारांवर थकलेला संदेश पुढे ढकलण्यासाठी ती वापरली गेली. बोट रिलेला हुकूम देते, रिले सोलेनॉइडला, सोलेनॉइड मोटरीला.

मास्तरांनी रिले गाळला होता. त्यांचे बटण दोन-चार दिवसांत जळालेच असते. पण भिंतीला धडक झाली ती त्यामुळे नव्हे. त्यांच्या गाडीत किल्लीकडून स्टार्टरकडे जाणारी तार क्लचच्या पेडलापाशी एका लहान स्विचमधून जात होती. पाय क्लचवर नसेल, तर किल्ली कितीही फिरवा, सेल्फ बोलत नाही. मास्तरांची नवी तार त्या स्विचला वळसा घालून थेट गेली.

किल्ली दिसायला साधी, पण तिने बरेच काही अंगावर घेतलेले असते. ती स्टिअरिंगचे कुलूप उघडते, मग ठिणगीची वाट उघडते, मगच स्टार्टर. आणि बोट सोडले की आपोआप एक पायरी मागे येते. हा क्रम चालकाला पाठ करावा लागत नाही, तो धातूतच घडवलेला आहे. किल्लीची सारीच कामे एका बटणावर आणणाऱ्या संचात तो क्रम पुन्हा नव्याने बांधावा लागतो. इंजिन चालू असताना बटण पुन्हा दाबले गेले, तर दाते दातांवर घासून खरखरतात. चालत्या गाडीत बटणाने इंजिन बंद झाले, तर ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारी मदत जाते. कारखान्यातून बटण घेऊन येणाऱ्या गाड्यांत म्हणून पाय ब्रेकवर किंवा क्लचवर असल्याशिवाय इंजिन उठत नाही आणि चालत्या गाडीत एका स्पर्शाने ते बंदही होत नाही. बाजारातल्या स्वस्त संचांबरोबर येणाऱ्या चिठोऱ्यावर रंगीत तारांचे चित्र असते. हे सगळे त्यावर असतेच असे नाही.

विजेवर चालणाऱ्या आजच्या कित्येक मोटारींतही बटण असतेच. त्यांत फिरवायला इंजिनच नाही. बटण दाबले की बॅटरी आणि मोटर यांच्यामधला एक भला मोठा रिले मिटतो, इतकेच. हेन्रींचा विद्युतचुंबक तिथे आहे, केटरिंग यांचा स्टार्टर नाही.

मिस्त्रींनी तासाभरात काम उरकले. बॅटरीजवळ फ्यूज बसवला, रिले लावला, आणि रिलेला हुकूम देणारी बटणाची बारीक तार क्लचच्या स्विचमधून फिरवून आणली. किल्ली त्यांनी काढली नाही. स्टिअरिंगचे कुलूप तिच्याकडेच राहिले. मग बॉनेटवर थाप मारून ते मास्तरांना म्हणाले, "आत बसा सर. गेअर काढा, क्लच दाबा, आणि मारा सेल्फ."