राजवायूंच्या अलिप्ततेचा इतिहास

हवेत जवळजवळ एक टक्का आरगॉन हा राजवायू असतो, तरी १८९४ पर्यंत तो कोणाच्या ध्यानात आला नव्हता. इतर द्रव्यांशी सहसा संयोग पावत नसल्यामुळे त्याचा माग लागणे कठीण होते. १७८५ मध्ये हेन्री कॅव्हेंडिशने नळीत कोंडलेल्या हवेत ऑक्सिजन मिसळून विजेच्या ठिणग्या सोडल्या. नायट्रोजनचे संयुग होऊन ते अल्कलीत विरघळत गेले. उरलेला ऑक्सिजनही त्याने शोषून काढला. तरी एक बुडबुडा राहिलाच. तो मूळ नायट्रोजनच्या १/१२० हून मोठा नाही, अशी नोंद त्याने केली. शंभरावर वर्षे ती तशीच पडून होती.

पुढे लॉर्ड रॅली यांना हवेतून काढलेला नायट्रोजन अमोनियापासून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्धा टक्का जड भरतो, असे आढळले. विल्यम रॅम्झी यांनी हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुनःपुन्हा नेऊन संपवला. मागे उरला तो आरगॉन. १८९५ मध्ये त्यांना पृथ्वीवर हीलियम सापडला, तर १८९८ मध्ये मॉरिस ट्रॅव्हर्स यांच्यासह त्यांनी क्रिप्टॉन, निऑन व झेनॉन वेगळे केले. फ्लोरीन प्रथम मिळवणारे आंरी म्वासाँ यांनी आरगॉनवर फ्लोरीनचा प्रयोग केला, पण संयुग झाले नाही.

या अलिप्ततेचे कारण अणूच्या रचनेत मिळाले. हीलियमच्या बाह्यतम कवचात दोन, तर इतर राजवायूंच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन असतात. ही मांडणी स्थिर असल्याने इलेक्ट्रॉन देणे, घेणे किंवा वाटून घेणे या अणूंना सहसा परवडत नाही. १९१६ मध्ये कॉसेल आणि लुईस यांनी या स्थैर्याच्या आधारे रासायनिक बंधाची उपपत्ती मांडली. ती फार उपयोगी ठरली. मात्र अष्टक पूर्ण म्हणजे संयुग अशक्य, असा पक्का समजही तिच्यातूनच रुजला. वास्तविक अणू जसजसा मोठा, तसतसे बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर आणि त्यांच्यावरची पकड सैल. लायनस पाउलिंग यांनी १९३३ मध्येच झेनॉनची फ्लोराइडे शक्य असल्याचे सुचवले होते, पण त्या वेळचे प्रयत्न फसले.

हा समज मोडला तो १९६२ मध्ये, कॅनडातील व्हँकूव्हर येथे. नील बार्टलेट यांच्या हाती प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड हे इतके प्रखर द्रव्य होते, की ते ऑक्सिजनच्या रेणूचाही इलेक्ट्रॉन हिरावून घेई. ऑक्सिजनचा रेणू आणि झेनॉनचा अणू यांतून इलेक्ट्रॉन काढण्यास जवळपास सारखीच ऊर्जा लागते, हे त्यांनी हेरले. दोन वायूंमधला काचेचा पडदा फोडताच हेक्झाफ्लोराइडची लाल वाफ झेनॉनमध्ये मिसळली आणि साध्या तापमानालाच पिवळसर नारिंगी घन पदार्थ तयार झाला. त्याच वर्षी अमेरिकेतील आर्गॉन (Argonne) राष्ट्रीय प्रयोगशाळेत झेनॉन व फ्लोरीन एकत्र तापवून झेनॉन टेट्राफ्लोराइडही मिळवण्यात आले. त्यासाठी लागणारी साधने पूर्वीही होती. कमी पडली ती जिद्द, असेच म्हणावे लागते.

आरगॉनचे पहिले उदासीन संयुग २००० मध्ये हेलसिंकी येथे अतिशीत तापमानात बनले. हीलियम व निऑन यांचे नेहमीच्या परिस्थितीत टिकणारे संयुग मात्र अद्याप मिळालेले नाही.