सव्वीस जुलैचं पाणी आणि गाडीचा विमा

ठाकुर्ली हे मध्य रेल्वेवर डोंबिवली आणि कल्याणच्या मधलं छोटं स्टेशन. जुनी माणसं अजून चोळे म्हणतात. गावाच्या एका अंगाला उल्हास नदीची खाडी आहे. उल्हास कर्जत, नेरळ, बदलापूर करत येते आणि काळू-भातसाचं पाणीही शेवटी तिच्याच पदरात पडतं. म्हणजे मुरबाड-शहापूरच्या डोंगरात पडलेला पाऊस दुसऱ्या दिवशी आमच्या दारात, असं हे नातं आहे.

२६ जुलै २००५, मंगळवार. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण मुंबईच्या बातम्यांत उल्हास आणि वालधुनीच्या काठची माणसं जरा मागे पडली. बदलापूर, उल्हासनगर, कल्याण इथंही घरांत पाणी शिरलं. लोकल बंद पडल्या, माणसं रुळांवरून चालत घरी आली. राज्यात हजाराहून जास्त जीव गेले. त्या दुःखापुढे गाडीचं काय, असं वाटेल. पण पाणी ओसरल्यावर ज्या घरची चूल रिक्षावर किंवा टेम्पोवर चालायची, त्या घरातल्या बाईला दोन दिवसांत हाच प्रश्न पडला: गाडी चिखलात गेली, आता हप्ता कुठून भरायचा? ‘छोटा हत्ती’ म्हणतो ती गाडी त्याच वर्षी मे महिन्यात बाजारात आली होती. पुढे गावोगावच्या किती संसारांनी तिच्यासाठी कर्ज काढलं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

त्या दिवसांत लोक ट्रंकेतून विम्याचे कागद काढून बसले आणि अनेकांना पहिल्यांदा कळलं की आपल्या हातातला कागद आपल्या गाडीसाठी नाहीच. हे असं का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

इंग्रजांच्या काळात, १९३९ साली, मोटार वाहन कायदा झाला. त्यातलं सक्तीच्या विम्याचं प्रकरण लागू झालं १ जुलै १९४६ पासून. सक्ती कशाची? तर तुमच्या गाडीनं रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला इजा झाली, तर त्याला भरपाई मिळण्याची. त्याला आपण ‘थर्ड पार्टी’ म्हणतो. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. गाडीवाल्याकडे पैसेच नसले तर मेलेल्याच्या बायकामुलांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? सध्याचा १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला, त्यातही सक्ती तेवढीच राहिली. तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान कायद्यानं तुमच्या मर्जीवर सोडलं.

मधल्या काळात विम्याचा धंदाच पालटला. मुंबईत दोराबजी टाटांनी १९१९ साली न्यू इंडिया कंपनी काढली होती. तशा देशी-विदेशी १०७ कंपन्या १ जानेवारी १९७३ ला सरकारनं ताब्यात घेतल्या आणि त्यांच्या चार केल्या. २००० नंतर खासगी कंपन्या परत आल्या. कंपन्या बदलल्या, पण पोलिसाला दाखवायचा कागद म्हणजेच विमा, ही आपली समजूत काही बदलली नाही. एजंट विचारतो, “साधा करू की फुल?” आपण म्हणतो, “साधाच करा, स्वस्तात.” सव्वीस जुलैला ज्यांच्याकडे तो साधा होता, त्यांना गाडीचा एक पैसाही मिळणार नव्हता. त्यात कंपनीची लबाडी नव्हती, तो कागदच तसा होता. ‘फुल’ म्हणजे पॅकेज पॉलिसीत मात्र पूर, वादळ, गारपीट, आग, चोरी, दरड हे सगळं येतं.

आता ज्यांच्याकडे फुल होता, त्यांची गोष्ट. तीही सरळ नव्हती.

पहिला घोळ इंजिनाचा. पाणी उतरलं, दादा गाडीजवळ गेला आणि सवयीनं त्यानं स्टार्टर मारला. इंजिनात पाणी असताना ते फिरवलं की आतले दांडे वाकतात, कधी तुटतात. कंपन्या म्हणाल्या, पाण्यानं सीट-वायरिंग खराब झालं ते पुराचं, ते देतो. इंजिन तुम्ही चालू केलं म्हणून मोडलं, ते पुराचं नाही. यावर ग्राहक मंचात वर्षानुवर्षं तंटे चालले आणि सगळे निकाल एका बाजूचे लागले नाहीत. नंतरच्या काळात कंपन्यांनी इंजिनासाठी वेगळे पैसे घेऊन जोडविमा विकायला सुरुवात केली. म्हणजे जे भांडण होतं, त्याचा माल झाला! ते असो. पाण्यात बसलेल्या गाडीला चावी लावायची नाही, फोटो काढायचे, कंपनीला फोन करून तक्रारीचा नंबर लिहून घ्यायचा आणि गाडी ओढून न्यायची, एवढं घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. सर्व्हेअर बघून जाईपर्यंत गाडी खोलायचीही नाही.

दुसरा घोळ ‘टोटल लॉस’चा. याचा हिशोब १ जुलै २००२ पासूनच्या मोटार टॅरिफमध्ये ठरला आणि तो अजून तसाच चालतो. पॉलिसीवर गाडीची एक किंमत छापलेली असते, तिला आय.डी.व्ही. म्हणतात. सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीला नव्या किमतीतून ५ टक्के घसारा, एक ते दोन वर्षांच्या गाडीला २०, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५०. पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत आपण आणि कंपनी मिळून ठरवतो. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पुरती गेली असं धरतात.

समजा टेम्पोची आय.डी.व्ही. तीन लाख आहे. दुरुस्ती सव्वादोन लाखांच्या वर निघाली, तर टोटल लॉस. मग पॉलिसीत लिहिलेली ठरावीक रक्कम वजा करून तीन लाखांचा हिशोब व्हायला हवा. “आज बाजारात तुमच्या गाडीला अडीचच येतात” असं कुणी म्हणालं तर ऐकायचं नाही. पॉलिसीच्या मजकुरातच आहे की टोटल लॉसला आय.डी.व्ही. हीच किंमत धरायची, वर्षाच्या मध्ये आणखी घसारा कापायचा नाही. पण एजंटनं हप्ता कमी दिसावा म्हणून ही किंमतच दोन लाख लिहिली असेल, तर भांडायला जागा राहत नाही. हप्त्यात वाचलेले हजार-पाचशे इथं लाखाला पडतात. बायकांनी पॉलिसीवर आधी कुठला आकडा बघावा, तर हा.

आणि कर्ज असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात, कारण आर.सी.वर बँकेचा बोजा असतो. कर्ज दोन लाख चाळीस हजार बाकी असेल तर वरच्या हिशोबात हातात साठ हजारांच्या आतच उरतील. गाडीही गेलेली. हे आधीच कळलेलं बरं, नाहीतर घरात उगाच एकमेकांवर संशय येतो.

टोटल लॉस नसेल तेव्हा दुरुस्तीच्या बिलातून कापाकापी होते. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात, काचेचे पूर्ण, लोखंडी भागाचे गाडीच्या वयाप्रमाणे. ‘झिरो डेप’ घेतला असेल तर ही कपात बहुतेक भागांवर टळते.

कंपनीनं नाही म्हटलं की आपण गप्प बसतो. दाद मागायच्या वाटा मात्र मधल्या वर्षांत बऱ्याच झाल्या आहेत. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, १९८६ ला ग्राहक संरक्षण कायदा आला, १९९८ च्या नियमांनी विमा लोकपाल आले. लोकपालांकडे फी नाही, वकील नाही. आधी कंपनीला लेखी तक्रार द्यायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर एक वर्षाच्या आत लोकपालांकडे जायचं. कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणानं खरा दावा फेटाळू नका, असं विमा नियामकानं २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना सांगितलं. २०१५ मध्ये हेही सांगितलं की ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या पावतीवर सही केली म्हणून जास्त भरपाई मागण्याचा हक्क जात नाही. तरीही कोऱ्या पावतीवर सही करू नका बरं का.

पाणी परत येतंच. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढलं. त्याच ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं, २०२१ च्या जुलैत चिपळूण-महाड.

शेवटी घरधन्याच्या नावाबद्दल. गाडी बहुतेक त्याच्या नावावर असते. तो गेला तर पॉलिसी लगेच संपत नाही. मृत्यूपासून तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर ती चालते. तेवढ्यात वारसानं मृत्यूचा दाखला देऊन गाडी आणि विमा नावावर करून घ्यायला हवा. आणि जर तो गाडीच्या अपघातातच गेला, तर मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याची रक्कम वेगळी मिळते. पूर्वी दुचाकीला ती एक लाख होती, २०१८ च्या आदेशानं पंधरा लाख झाली. त्यासाठी तो विमा घेतलेला असावा लागतो, चालवणाऱ्याकडे चालू लायसन्स असावं लागतं आणि वारस म्हणून तुमचं नाव लिहिलेलं असलेलं बरं. ती ओळ पुष्कळ पॉलिसींवर रिकामी असते.