सनद, दफ्तर आणि ग्राफिक्स कार्ड

१/
कर्जत-खालापूरकडच्या एखाद्या ठाकुरवाडीत मुलांच्या शिक्षणासाठी जुना संगणक घेतला जातो. पेटीवर स्टिकर असतो, विकणाऱ्याने ग्राफिक्स कार्डाचे नाव सांगितलेले असते. पावती बहुधा नसते. त्या नावासाठी चार पैसे अधिक मोजलेले असतात. ते नाव खरे आहे का? प्रश्न यंत्राचा; पण तो सोडवण्याची रीत इतिहासाची आहे. 🧵

२/
महाराष्ट्राने हा प्रश्न एकदा फार मोठ्या प्रमाणावर अनुभवला आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपली, तेव्हा गावोगावी इनामदारांच्या हाती सनदा होत्या. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला चौकशीचे अधिकार मिळाले आणि हे दावे पुण्याच्या पेशवे दफ्तरातील नोंदींशी ताडले जाऊ लागले.

३/
सरकारचा हेतू महसुलाचा होता. अनेक घराण्यांची इनामे त्यात गेली. त्या चौकशीविषयीचा राग समजण्याजोगा आहे. परंतु तिच्यामागचे तत्त्व अभ्यासकाने विसरू नये: धारकाच्या हातचा कागद हा दावा असतो, तो स्वतंत्र नोंदीशी ताडावा लागतो.

४/
संगणकात स्टिकर ही सनद. दफ्तर आत असते. इंटेलने १९९२ मध्ये पीसीआय ही जोडणीपद्धती आणली. तीनुसार प्रत्येक उपकरण आपला निर्माता आणि आपला प्रकार असे दोन क्रमांक सांगते. आजच्या पीसीआय एक्सप्रेसमध्येही हीच प्रथा चालू आहे.

५/
विंडोजमध्ये ते असे वाचावेत: डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’खालील नावावर उजवी क्लिक करा, ‘प्रॉपर्टीज’, मग ‘डिटेल्स’, आणि यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. ड्रायव्हर नसल्यास वर केवळ ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसते. तरीही हे क्रमांक वाचता येतात.

६/
‘व्हेन’नंतरची चार चिन्हे निर्मात्याची, ‘डेव्ह’नंतरची चार चिपची. १०डीई म्हणजे एनव्हिडिया. ८०८६ म्हणजे इंटेल. १९७८ च्या तिच्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच हा आकडा. केवळ ८०८६ दिसले, तर बहुधा वेगळे कार्ड नाहीच. चित्राचे काम प्रोसेसरमधील भाग करतो.

७/
१००२ हा क्रमांक एटीआयचा. कॅनडातील ही कंपनी १९८५ मध्ये स्थापन झाली, २००६ मध्ये एएमडीने विकत घेतली. नाव गेले, मुद्रा राहिली: एएमडीची नवी रेडिऑन कार्डेही १००२ च सांगतात. राज्य बदलले तरी जुना शिक्का चालू राहावा, तसे हे.

८/
मात्र दफ्तरातही खाडाखोड होते. एनव्हिडियाच्या २०१० च्या जीटीएस ४५० सारख्या कार्डांचे बायॉस बदलून ती २०१६ ची जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकली गेली आहेत. तेथे पडद्यावरचे नावही खोटेच. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम अशा अनेक बनावट कार्डांवर तशी खूण दाखवतो.

९/
येथे कामी येते कालविसंगती. कागदाच्या तारखेशी न जुळणारी भाषा बनावट दस्त उघड करते, तसे कार्डाच्या पाठीवरील जोडही बोलतात. १०५० टीआयच्या चिपमध्ये १९८७ च्या व्हीजीए पद्धतीचा अॅनालॉग संकेत देण्याची सोयच नाही. म्हणून त्या नावाच्या कार्डावर निळे, पंधरा छिद्रांचे व्हीजीए सॉकेट दिसले, तर संशय रास्त आहे.

१०/
तेव्हा क्रम असा: विक्रेत्याचा शब्द, स्टिकर, आतील क्रमांक, आणि शेवटी प्रत्यक्ष वस्तू. चारही साक्षी जुळल्या तरच नाव मान्य करावे आणि हे पैसे देण्यापूर्वी, संगणक चालू करवून घेऊनच पाहावे. सनद खोटी निघाली, तर नुकसान ती विश्वासाने बाळगणाऱ्याचेच होते.