वागळे इस्टेट : आराखड्यावरील हरकत कोणाकडे?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील रस्ते नावांपेक्षा क्रमांकांनीच ओळखले जातात. रोड क्रमांक १६, २२, २८ ही मोजणी औद्योगिक वसाहतीच्या रेखांकनातून आलेली आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) १९६२ मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या आरंभीच्या औद्योगिक क्षेत्रांत या परिसराची गणना होते. कित्येक कारखान्यांच्या जागी आता माहिती तंत्रज्ञानाची संकुले उभी आहेत, तर लगतच्या किसननगरात दाट वस्ती आहे. शहराचा विकास आराखडा जाहीर होतो, तेव्हा येथील रहिवाशाला आधी हे ठरवावे लागते की, हरकत नोंदवायची कोणाकडे?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार एमआयडीसी आपल्या अधिसूचित क्षेत्रापुरते विशेष नियोजन प्राधिकरण आहे. तेथील रेखांकन, भूखंडाचा वापर आणि बांधकाम परवानगी हे विषय महामंडळाच्या अखत्यारीत येतात. उर्वरित शहराचे नियोजन महापालिका करते. साहजिकच कुंपणाच्या एका बाजूच्या मोकळ्या जागेसाठी एक कार्यालय आणि दुसऱ्या बाजूसाठी दुसरे, अशी स्थिती उद्भवते. हरकत लिहिण्यापूर्वी जमीन कोणत्या हद्दीत मोडते, हे नकाशावर पाहून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते. किसननगरात समूह विकास योजनेचा नकाशाही पाहावा लागतो.

महापालिकेच्या प्रारूप आराखड्याची सूचना राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून कायद्याने ३० दिवसांची मुदत असते. मुंबईसाठी ती ६० दिवसांची आहे. आलेल्या हरकतींवर नियोजन समिती सुनावणी घेते. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचनेची जाण असलेले कमाल चार तज्ज्ञ असतात. ठाण्याच्या बाबतीत ही रचना विशेष महत्त्वाची आहे. १९९९ मध्ये मंजूर झालेल्या आराखड्यानंतरचा सुधारित प्रारूप आराखडा ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा महापालिकेत प्रशासक होते. नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. वीस वर्षांच्या भूवापराचा प्रश्न असताना प्रभागाची बाजू मांडणारा लोकप्रतिनिधी सभागृहात नव्हता. नागरिकांच्या लेखी हरकतीचे मोल त्यामुळेच वाढले.

अशा हरकतींनी काय घडू शकते, हे मुंबईने दाखवून दिले आहे. २०१५ च्या प्रारूप आराखड्यातील ढोबळ चुकांवर हरकतींचा पाऊस पडला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो मागे घेऊन दुरुस्तीचे आदेश दिले. सुधारित आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला.

मात्र ‘आमचा विरोध आहे’ एवढ्या एका ओळीने सुनावणीत फारसे साधत नाही. सर्व्हे क्रमांक, आरक्षणाचा प्रकार, प्रत्यक्ष जागेवरील स्थिती आणि पर्यायी जागा यांचा उल्लेख हवा. पोच घ्यावी आणि सुनावणीस स्वतः उपस्थित राहावे. मैदान किंवा शाळेचे आरक्षण टिकावे असे वाटणाऱ्यांनीही तसे लेखी कळवावे, कारण आरक्षण उठवण्याची मागणी करणारे अर्ज हमखास येतात.

आरक्षण मंजूर झाले म्हणजे मैदान मिळाले, असे मात्र नाही. दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक कलम १२७ अन्वये नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण रद्द ठरते. मंजुरीच्या वेळी राज्य सरकारला मोठे फेरबदल करायचे असतील, तर त्यांवरही नव्याने हरकती मागवाव्या लागतात. ती सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर, बहुधा बारीक अक्षरांत येते.