चिडखोर : एका शब्दाची कुळकथा

मंडळी, वर्गात कोणी एका पोराचे दप्तर ओढले, की ते पोर उसळते. पुन्हा ओढले, पुन्हा उसळते. तिसऱ्या वेळी कोणीतरी म्हणते, "जाऊ द्या हो, चिडखोरच आहे तो!" झाले! दप्तर कोणी ओढले ही चौकशी तिथेच संपते आणि पोराला मात्र एक नाव कायमचे चिकटते. आज त्या पोराची नव्हे, या नावाची चौकशी करू या.

'चिडखोर' या शब्दाचे दोन तुकडे आहेत. पहिला 'चीड'. तो आपल्या घरचा. गुजरातीतही 'चीड' आहे, हिंदीत 'चिढ' आहे. दुसरा तुकडा 'खोर'. हा पाहुणा फार्सीतून आला. त्याचा मूळ अर्थ 'खाणारा'. लाच खातो तो लाचखोर. हराम म्हणजे निषिद्ध, जे खाऊ नये ते. ते खाणारा हरामखोर.

हा पाहुणा आपल्याकडे आला कसा? १३४७ साली दख्खनेत बहमनी राज्य स्थापन झाले. पुढे अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही आली. दरबार, महसूल, फौज यांच्या कारभारात फार्सीचे वजन मोठे. जमीन, वसूल, तारीख, फिर्याद हे शब्द त्या कारभाराच्या वाटेने गावच्या चावडीपर्यंत पोचले. १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या काळात महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्यावर राजव्यवहारकोशाचे काम सोपवले आणि दरबारी फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देवविले. पण दरबारचा शब्द हुकमाने बदलता येतो. लोकांच्या तोंडी बसलेले शेपूट तसे सुटत नाही. 'खोर' राहिला तो राहिलाच.

राहिला, कारण त्याला इथली हवा मानवली. आपली मराठी पहिल्यापासून खाण्याची मोठी शौकीन! आपण मार खातो, शिव्या खातो, बाजारात भाव खातो, एखाद्यावर खारही खातो. तेव्हा चीड खाणाराही आपल्याला परका वाटला नाही.

आता या शेपटाची करामत पाहा. "गण्या चिडला" असे म्हटले, की लगेच विचारता येते : केव्हा चिडला? कोणावर? कशासाठी? "गण्या चिडखोर आहे" म्हटले, की विचारायला जागाच उरत नाही. घडलेली गोष्ट पुसली जाते आणि माणसाचा स्वभाव तेवढा उरतो. भांडखोर, चुगलखोर, दिवाळखोर ही सारी याच घराण्यातली. एकदा शिक्का बसला की बसला.

आणि हा शिक्का सर्वांना सारखा मिळत नाही, बरं का! पुराणातले दुर्वास आणि जमदग्नी रागावले, तर तो ऋषींचा कोप. घरातले आजोबा भडकले, तर "जमदग्नीचा अवतार आहेत, पण मन निर्मळ!" वडील ओरडले, तर ते तापट, नाहीतर कडक शिस्तीचे. तोच आवाज सुनेने काढला, की ती चिडकी. आणि पोराने काढला, की ते चिडखोर. राग एकच, पण थोराला त्याची पदवी मिळते आणि धाकट्याला ठपका. शब्दाच्या निवडीत आपण नकळत निवाडा करून बसतो.

पण ठपका कायमचाच असतो असेही नाही. 'खोर'च्याच घराण्यातला 'बंडखोर' पाहा. १८५७ चा लढा इंग्रज सरकारच्या लेखी 'शिपायांचे बंड' होता. अशा सरकारच्या नजरेत बंडखोर म्हणजे गुन्हेगार. आज एखाद्या लेखकाला आपण बंडखोर म्हणतो ते कौतुकाने. शब्द तोच राहिला. बंड कशासाठी झाले, हे लोक विचारू लागले, तसा त्याचा मान बदलला.

मग 'चिडखोर' हा शब्द टाकूनच द्यायचा काय? तसे नव्हे. कारण असो नसो, नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन फिरणारी माणसे असतात. त्यांच्यासाठी शब्द लागतोच. मात्र तो पहिला शब्द नसावा, सगळी चौकशी झाल्यावरचा शेवटचा असावा. गुरुजनहो, प्रगतिपुस्तकात "स्वभाव चिडखोर" असा शेरा लिहायला क्षण पुरतो. पण तो शेरा घरी जातो, बाप वाचतो, शेजारी ऐकतात, आणि वर्षभरात पोरगंही म्हणू लागतं, "मी आहेच मुळी चिडखोर!" मग त्याला बदलायचे कारणच उरत नाही. त्याऐवजी "आज चिडला होता" इतकेच म्हणून पाहा. 'आज' म्हटले, की उद्याची वाट मोकळी राहते.

आणि हो, आधी तेवढे विचारा : दप्तर कोणी ओढले होते?